नागपुरात राहून आपल्या गावात भजनाची बैठक कशी लावायची, सगळं सविस्तर

मी नागपुरात मानेवाड्याला राहते, माहेर नरखेड तालुक्यातलं, गाव लहानच आहे. पेटीचा आवाज लहानपणी गावातच कानावर पडला, शनिवारी रात्री मारुतीच्या देवळात बाबा आणि त्यांच्या वयाची सगळी माणसं भजनाला बसायची, आणि आम्ही पोरं तिथंच सतरंजीवर झोपून जायचो. पण पेटी हातात आली ती लग्नानंतर नागपुरात, गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षा देत देत मध्यमा पूर्णपर्यंत पोचले. तोवर गावातलं शनिवारचं भजन बंद पडलं होतं, काही माणसं गेली, काहींचे गुडघे गेले, पेटी माळ्यावर गेली. ते पुन्हा सुरू व्हावं म्हणून पाच वर्षांपासून महिन्यातून दोनदा गावी जाते. आता ओळखीतले खूप जण विचारतात की आम्हाला पण आमच्या गावात असं काही करायचं आहे, सुरुवात कुठून करू, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढते.

एक गोष्ट आधीच सांगते, बाकीचं सगळं तिच्यातूनच निघतं. गावात कार्यक्रम करायला जाऊ नका, बैठक लावायला जा. कार्यक्रम एका रात्रीत होऊन जातो, बैठकीसाठी मात्र तुम्हाला दर वेळी ठरल्या दिवशी ठरल्या जागी दिसावं लागतं.

हे मी चूक करून शिकले. पहिल्या वेळी मी कार्यक्रमच केला होता. तालुक्याच्या गावाहून साउंडवाला आणला, बॅनर लावला, नागपूरहून तबल्याला एकाला घेऊन गेले, दोन तास गायले. लाइन कमी-जास्त होत होती त्यामुळे अम्प्लिफायर मधेच अर्धा तास बंद पडला, तरी लोक थांबले, टाळ्या वाजवल्या, हार घातला. पुढच्या महिन्यात गेले तर सहा जण आले. सकाळी पारावर एक आबाजी बसले होते, बाबांच्या बरोबरीचे, त्यांना विचारलं काय झालं हो आबाजी, तर ते म्हणाले, "लय गोड म्हणतं तू पोरी, पण आमाले त म्हणूच नाई देलं." मी त्या दिवशी त्यांच्यापाशी तासभर बसले आणि मग सगळं नव्यानं सुरू केलं.

आधी तीन वेळा नुसतं जाऊन बसायचं

पेटी न नेता जा. खरंच, पहिल्या तीन फेऱ्या हातात काही नको. गावात गाणं आधीपासून असतंच, फक्त ते कुठं आहे ते शोधावं लागतं. आमच्या भागात साधारण अशा ठिकाणी सापडतं: जुनं भजन मंडळ, त्यातले दोन-चार जण तरी हयात असतात. तुकडोजी महाराजांच्या श्रीगुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना, विदर्भात कितीतरी गावांत ती अजून रोज संध्याकाळी होते, आणि जिथं ती होते तिथं खंजिरी वाजवणारा एखादा हमखास असतो कारण तुकडोजी महाराजांनी खंजिरी घराघरात नेली. बायकांचं दुपारचं भजनी मंडळ, हे पुरुषांना बरेचदा माहीतच नसतं. बौद्ध विहारात बुद्धगीतं, भीमगीतं म्हणणारी पोरं, आमच्या गावातली सगळ्यात चांगली ढोलकी तिथंच वाजते. आणि कार्तिकातला काकडा, कोजागिरीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत पहाटे, तिथं कोण कोण येतं ते बघून ठेवा, थंडीत पहाटे पाचला उठून येणारा माणूस तुमच्या बैठकीला शेवटपर्यंत राहील.

प्रत्येकाकडे जाऊन बसा आणि साधं विचारा. पूर्वी भजन कोणत्या वारी व्हायचं? कोण पहिलं म्हणायचं? चाल कोणाकडून आली? बंद कशानं पडलं? हा शेवटचा प्रश्न हळूच विचारायचा, कारण बंद पडण्यामागं बरेचदा कोणाचं तरी बोलणं लागलेलं असतं, वर्गणीचा हिशेब असतो, निवडणूक असते. ऐकून घ्या, कोणाच्या बाजूनं बोलू नका.

आणि वही विचारा. जुन्या भजनी माणसाकडे वही असतेच. आबाजींची वही लाल रेक्झिनच्या कव्हरची आहे, कोपरे उंदरानं कुरतडलेले, आत जांभळ्या शाईनं भजनं लिहिलेली, लिहिलेली म्हणजे जशी कानाला ऐकू आली तशी, 'मागं'ला 'मांगं' आणि 'नाही'ला 'नाई'. समासात बारीक अक्षरात 'दुसरं कडवं वरून घेने' असं लिहिलंय. मला त्यात चुका दुरुस्त करायचा मोह झाला होता, केलं नाही ते बरं झालं. गावानं जसं म्हटलं तसंच ते वहीत आहे, आणि आपल्याला तेच म्हणायचं आहे.

या फेऱ्यांमध्ये मला गाडगेबाबांची रीत फार कामी आली. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा घ्यायचे, दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे, आणि कीर्तनात स्वतः बोलत राहण्यापेक्षा समोरच्यांना प्रश्न विचारायचे, उत्तर लोकांच्या तोंडून यायचं. म्हणजे रात्री बोलायचा हक्क त्यांनी दिवसा मिळवलेला असायचा. आपण बाबा नाही, पण देऊळ झाडणं, सतरंज्या उन्हात टाकणं, हंडा भरून ठेवणं एवढं तर होतं. मी तिसऱ्या फेरीत दोन वहिन्यांसोबत सभामंडप धुतला, आणि त्या दोघी तेव्हापासून बैठकीचा कणा आहेत.

वार आणि वेळ, इथं घाई करू नका

नागपूरच्या सोयीनं वेळ ठरवली की बैठक दोन महिन्यांत बंद पडते. गावाचं वेळापत्रक शेताचं असतं. आमच्याकडे कसं आहे ते सांगते, तुमच्याकडे पीक वेगळं असेल तर तसं बघा. मृग लागला की पेरणी, जून-जुलैमध्ये कोणाला वर बघायला फुरसत नसते, तेव्हा नवीन काही सुरू करायचंच नाही. पोळ्याच्या आसपास थोडी उसंत मिळते, पोळा आणि दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा या दोन दिवसांत बाहेर गेलेली पोरं पण गावी येतात, माणसं जोडायला हा काळ चांगला. ऑक्टोबरात सोयाबीन निघतं, मग कापूस वेचणी, संत्र्याचा आंबिया बहार पण त्याच सुमारास तोडीला येतो, बाया दिवसभर वेचून कंबर मोडून येतात, तेव्हा बैठक छोटी ठेवायची, पाऊण तास. संक्रांतीनंतर ते होळीपर्यंत रात्री मोकळ्या आणि हवा चांगली, बैठक सुरू करायला मला तरी हाच काळ सगळ्यात योग्य वाटतो. एप्रिल-मे लग्नांचे.

अजून एक गोष्ट शहरातल्या माणसाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे शेतीची लाइन. कृषिपंपाची वीज कधी दिवसा कधी रात्री अशी आळीपाळीनं येते, आणि ज्या आठवड्यात रात्रीची लाइन असते त्या आठवड्यात अर्धे पुरुष ओलीत करायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, शेतात असतात. मी निघण्याआधी दोन दिवस भाच्याला फोन करून विचारते, या आठवड्यात लाइन रात्रीची आहे का, असेल तर पुरुषांची आशा धरत नाही, बायका आणि पोरांची बैठक घेते.

घड्याळाचं म्हणाल तर रात्री साडेआठ ते दहा. दूध काढून, जेवून माणूस साडेआठलाच मोकळा होतो. बायकांचं वेगळं दुपारी दोन ते चार. मी पहिला आणि तिसरा शनिवार धरलाय, शनिवारी सकाळच्या गाडीनं नरखेडला उतरते, इटारसी लाइनवर आहे म्हणून गाडीचं सोपं पडतं, पुढं ऑटो, आणि रविवारी संध्याकाळी परत. काही जण एकादशी धरतात, भक्तीच्या दृष्टीनं चांगलंच, पण नोकरी असेल तर एकादशी मंगळवारी आली की दांडी होते, आणि सुरुवातीच्या सहा महिन्यांत एक पण दांडी मारू नका.

जागा

गावात प्रत्येक जागा कोणाची तरी असते. मारुतीचं देऊळ सगळ्यांचं असं आपण म्हणतो, पण पारावर कोण बसतं आणि कोण पायऱ्यांशी उभं राहतं हे एकदा बघा. समाजमंदिर असेल तर तेही कोणत्या वस्तीत आहे यावर कोण येणार ते ठरतं. आमच्याकडे पहिले चार महिने विहाराकडची पोरं आली नाहीत, बोलावूनही आली नाहीत. मग मीच तिकडं गेले, त्यांची गाणी ऐकली, त्यांच्या सोबत बसून पेटी धरली, आणि म्हटलं आता पुढची बैठक शाळेच्या मैदानात घेऊ, तिथं कोणाचंच नाव नाही. आता तीन जागा फिरत्या आहेत, देऊळ, मैदान, विहारासमोरचं अंगण. हे लिहायला दोन ओळी लागल्या, व्हायला वर्ष लागलं, आणि अजूनही दोन-तीन घरं यायची बंद झाली ती झालीच. तरी मी हेच करा म्हणीन. अर्ध्या गावाला बाहेर ठेवून म्हटलेलं भजन मला तरी म्हणवत नाही.

तुम्ही चर्चकडून जात असाल तरी हे सगळं तसंच लागू पडतं, मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये पण पेटी, तबला, टाळ आहेत आणि भजनं आहेत. जायचं ते स्पष्ट सांगून जायचं, आम्ही अमुक उपासनेचे आहोत, गायला आलोय, ज्याला बसायचं तो बसेल. लपवून काही करू नये, गावाला नंतर कळतंच आणि मग विश्वास गेला की गेला.

माइक आणि परवानगी

चाळीस-पन्नास माणसांना माइक लागत नाही. हे मी पुन्हा लिहिते, लागत नाही. माइक आला की एक जण गातो आणि बाकीचे ऐकतात, माइक नसला की सगळे म्हणतात. पहिले वर्षभर तरी माइक नको.

सप्ताह, जयंती, पुण्यतिथी असा मोठा प्रसंग असेल आणि लावायचाच असेल तर पोलीस ठाण्यातून लेखी परवानगी घ्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे परवानगीशिवाय लाउडस्पीकर लावता येत नाही, आणि उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ बंदच. सणासुदीला राज्य सरकार रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं पण तीही वर्षातून १५ दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि ते दिवस कोणते ते आधी जाहीर होतात, आपण आपल्या मनानं धरायचे नसतात. शाळा, दवाखाना, कोर्ट यांच्या भोवतीचा १०० मीटरचा भाग सरकारनं शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला आहे का हे पण बघा. अर्जावर तारीख, जागा, वेळ, किती स्पीकर आणि जबाबदार दोघांची नावं-नंबर लिहा, एक प्रत सही-शिक्क्याची आपल्याकडे ठेवा.

स्पीकर नेहमी माइकच्या पुढं, तोंड लोकांकडे. मागं ठेवला की शिट्टी मारतो. बस एवढंच.

सूर कोणता धरायचा

आता माझ्या आवडीचा भाग, इथं जरा जास्त लिहीन.

क्लासला शिकलेल्या माणसाची पहिली चूक म्हणजे आपला सूर धरणं. मी काळी चारमध्ये, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी 'सा' धरून गाते, पहिल्या बैठकीत तोच धरला, बाया आल्या माझ्यासोबत पण पुरुषांना वरचं कडवं चढेना, मग ते गप्प बसले. दुसऱ्या वेळी काळी एक धरली तर पुरुष रंगात आले आणि बायांचा आवाज खाली विरून गेला. यावर आबाजींनी जे सांगितलं ते कोणत्याच पुस्तकात मी वाचलं नव्हतं. ते म्हणाले पेटी उघडूच नको आधी. भजनातली सगळ्यात उंच जाणारी ओळ असते ना, ती सगळ्यांनी मिळून आधी म्हणायची, पेटीशिवाय, जशी येईल तशी. दोन-तीनदा म्हटली की सगळ्यांचा मिळून एक सूर आपोआप बसतो, कोणालाच ताण येत नाही असा. मग त्या ओळीवरून खाली येत 'सा' शोधायचा आणि पेटीवर तो धरायचा. करून बघा. आमचा बरेचदा पांढरी तीन नाहीतर पांढरी चारच्या आसपास निघतो, तुमचा वेगळा निघेल. स्केल चेंजर पेटी (पट्ट्या सरकवून सूर बदलता येतो अशी) असेल तर सोपं, नसेल तर सगळ्या पट्ट्यांमधून चाल वाजवायची सवय आधी नागपुरातच करून घ्या, रोज एक भजन दोन वेगवेगळ्या पट्टीत.

दुसरं, पेटी म्हणणाऱ्याच्या मागं मागं न्यायला शिका. आबाजींचे शब्द, "पेटी वाजवजो, पण आमच्या मांगं मांगं येजो, आमी थांबलो का थांबजो." गावातला माणूस ओळ लांबवतो, मधेच दम घेतो, एखादा शब्द आवडला की तोच चार वेळा म्हणतो. ते चुकीचं नाहीये, ती त्याची म्हणायची तऱ्हा आहे. मात्रा मोजत बसलात तर भांडण होईल. ठेका मात्र एक पक्का हवा, आठ मात्रांचा भजनी किंवा केरवा, आणि एखादी सहा मात्रांची दादऱ्यातली चाल मधे आली की बरं वाटतं. टाळ देताना सगळ्यांच्या हातात देऊ नका, चार-पाच जोड्या पुरेत आणि त्या ज्यांचा हात पक्का त्यांना द्या, नवख्याला टाळीवर बसवा, दोन बैठका गेल्या की त्याच्या हातात टाळ.

खंजिरी असेल तर तिला पुढं बसवा. तुकडोजी महाराज नुसत्या खंजिरीवर हजारो लोकांना म्हणायला लावत, ते वाद्य लहान दिसतं पण अख्खी बैठक उचलून धरतं.

पहिली खरी बैठक

किती आले ते मोजू नका. चौथ्या फेरीला आमच्या पहिल्या बैठकीत अकरा जण होते, त्यातली चार पोरं.

गोल बसायचं, स्टेज नाही, पेटीवाली पण सतरंजीवर आणि शक्यतो गोलाच्या कडेला. सुरुवात सगळ्यांना येणाऱ्या नामधूननं करा, पाच-सात मिनिटं, शब्द दोनच असले तरी चालतात, लोकांचा संकोच त्यात जातो. मग गावातल्या सगळ्यात वयस्क माणसाला पहिलं भजन म्हणू द्या, आपण फक्त साथ करायची. मग देवाच्या रूपाचे अभंग, उपदेशाचे, एखादी गौळण बायांकडून, एखादं भारूड कोणाला येत असेल तर, त्यानं पोरं जागी राहतात. तुम्ही एक म्हणा. एकच, तेही तिसरं-चौथं. मधे पाच मिनिटं बोलायचं असेल तर बोला, पण व्यसन सोडा, मुलांना शिकवा असं बाहेरून येऊन सांगू नका, ज्यानं दारू सोडली आहे असा गावातलाच कोणी असेल तर त्याला बोलू द्या. आरती, प्रसाद, आणि दहाच्या आत उठायचं. रंग आला असेल तरी उठायचं, म्हणजे पुढच्या वेळी लोक येतात.

प्रसादाचं एक नीट ऐका, खास करून माझ्यासारख्या माहेरी जाणाऱ्या बायांनी. सुरुवातीला वीस माणसांचा चहा आमच्या वहिनीवर पडायचा. ती काही बोलली नाही, पण तिसऱ्या वेळी मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा ती रात्री साडेदहाला कपबशा घासत बसली होती आणि सकाळी चारला तिला धारा काढायला उठायचं होतं. त्या रात्री ठरवलं की चहा बंद. आता पाणी आणि गूळ-फुटाणे, पुडा मी नागपूरहून नेते, कागदावर वाटतो, घासायला काही नाही. तुमच्या सेवेचं ओझं कोणाच्या डोक्यावर पडतंय ते पहिल्याच महिन्यात बघून घ्या.

दुःखाचं घर

हे गाण्यापेक्षा मोठं आहे असं मला मनापासून वाटतं. बैठक चार-सहा महिने टिकली की एक दिवस निरोप येतो, अमक्याकडे मयत झाली, रात्री भजनाला येता का. तेव्हा जायचंच, जमत असेल तर नागपूरहून निघून पण जायचं.

पेटी नेऊ नका, एकतारी आणि दोन टाळ पुरेत. आवाज बसका ठेवायचा. मी पहिल्यांदा गेले ते एका काकूंकडे, त्यांचे मालक गेले होते, शेतातून आले आणि ओसरीवरच पडले. आम्ही दोन भजनं म्हटली, काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, पदर तोंडात धरून, काहीच बोलत नव्हत्या. मग एकदम म्हणाल्या, "ते बैलं हाकता हाकता म्हणत होते ते म्हना ना." आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं ते कोणतं. मग त्यांनीच पहिली ओळ म्हटली, फाटक्या आवाजात, दुसरी ओळ त्यांच्या नणंदेला येत होती, तिसरी कोणालाच नाही. आम्ही त्या दोनच ओळी धरून ठेवल्या, अर्धा तास तरी. तेराव्या दिवसापर्यंत रोज कोणीतरी जाऊन बसलं, तेरवीला मी पुन्हा गेले.

अशा घरात उपदेश करायचा नाही. देवाची इच्छा, कर्माचं फळ, असलं काही नाही. बोलावं वाटलं तर त्यांना बोलू द्यायचं, भजन मधेच थांबवायचं. भजनानं आजार बरा होतो, दोष जातो असं पण चुकूनही म्हणू नका, कोणी आजारी असेल तर दवाखान्यात न्यायला गाडी बघा, तीच सेवा. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे ते आहेच, पण कायदा नसता तरी हेच सांगितलं असतं.

आपल्या भागात कर्जापायी, नापिकीपायी खचलेली घरं आहेत, आणि बैठकीत नेहमी येणारा माणूस अचानक गप्प होतो, यायचा बंद होतो, हे आपल्या लक्षात येतं कारण आपण त्याला दर पंधरा दिवसांनी बघतो. घरी जा, सरळ विचारा. जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का, हे विचारायला घाबरू नका, विचारल्यानं ते वाढत नाही. त्याला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घरातून दुसरीकडे ठेवायला लावा, आणि टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा नंबर लावून द्या, तो सरकारी आहे, फुकट आहे, रात्री पण लागतो आणि मराठीत बोलतात. आमच्या भजनाच्या वहीच्या पहिल्या पानावर हा नंबर मोठ्या अक्षरात लिहिला आहे.

पोरं

शाळेत शिकवायचं तर मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला भेटून, तोंडी नाही, पत्र देऊन. नेहमी दोन मोठी माणसं हजर, त्यातली एक बाई, दार उघडं, आणि कोणत्याही पोराला एकट्याला घरी शिकवायला बोलवायचं नाही. गावातली आत्या असलात तरी हा नियम पाळा. शिकवायचं काय, तर टाळ, खंजिरीचा साधा ठेका आणि गावातलीच दोन भजनं. सारेगम नंतर. पोरांना मोबाइलवरची गाणी येतात, ती म्हणू द्या आधी, मग त्यांचा आवाज कळतो.

पैसा

आरतीच्या ताटात पडतं ते मंडळाचं, तुमचं नाही, गाडीभाडं पण त्यातून घेऊ नका निदान पहिली दोन वर्षं. एक वही, दोन सह्या, दर बैठकीला शेवटी जमा-खर्च मोठ्यानं वाचून दाखवायचा. सरपंच असो नाहीतर पुढच्या वेळी उभा राहणारा असो, सतरंजी-टाळ द्यायला येतील, घ्यायचं असेल तर नाव न टाकता, आणि ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की तेवढे दिवस कोणाकडूनच काही घेऊ नका. मंडळाची नोंदणी करायची तर किमान सात जण लागतात आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात करावी लागते, मग दर वर्षी हिशेब पण द्यावा लागतो. घाई नाही. आम्ही अजून केली नाही.

एक काम मात्र जरूर करा. गावातल्या जुन्या कलाकारांना राज्य सरकारचं मानधन मिळू शकतं, राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन सन्मान योजना, साधारण वय ५० च्या वर आणि उत्पन्न कमी असलेल्या कलाकारांसाठी, २०२४ पासून महिन्याला ५००० रुपये. पंचायत समितीत चौकशी करा. कलेचे पुरावे लागतात आणि म्हाताऱ्या माणसाकडे पुरावे कुठले, तर जुन्या सप्ताहाच्या पत्रिका, स्पर्धेची प्रमाणपत्रं, पेपरातलं कात्रण, फोटो, हे घरोघरी ट्रंकेत पडलेलं असतं. आबाजींच्या ट्रंकेत खंजिरी भजन स्पर्धेची तीन प्रमाणपत्रं निघाली, शर्टांच्या घडीखाली. आपण नागपूरची माणसं कागद करण्यात तयार असतो, हे कौशल्य गावात नेण्यासारखं आहे.

चाली रेकॉर्ड करून ठेवा

आधी विचारा, कशासाठी ते सांगा, आणि कुठं टाकायचं असेल तर त्यासाठी वेगळं विचारा. फोन फ्लाइट मोडवर, पंखा बंद, फोन घडी केलेल्या चादरीवर दोन-तीन फुटांवर. म्हणणाऱ्याचं नाव, गाव, तारीख, चाल कोणाकडून शिकले हे त्यांच्याच तोंडून सुरुवातीला बोलवून घ्या, म्हणजे फाइल कुठंही गेली तरी नाव सोबत जातं. वहीच्या प्रत्येक पानाचा उन्हात, सावली न पाडता फोटो. एक कॉपी तुमच्याकडे, एक त्यांच्या घरच्यांकडे पेन ड्राइव्हमध्ये.

वाद्यं गावातच ठेवा

दर वेळी पेटी नागपूरहून नेली तर भजन तुमच्याबरोबर येतं आणि तुमच्याबरोबर परत जातं. मंडळाची पेटी गावातच राहू द्या, किल्ली गावातल्याच माणसाकडे. जुनी पेटी दुरुस्त करून घ्या, नागपुरात महाल-इतवारीकडे जुने कारागीर आहेत, भाता आणि सूर दोन्ही तपासायला सांगा.

निगा अशी. पत्र्याची ट्रंक, जमिनीपासून वर लाकडाच्या फळीवर, उंदीर भात्याचं चामडं आधी खातो. पेटी नेहमी भाता बंद करून कडी लावून. आपल्याकडचा मे महिना म्हणजे ४५ अंश, लाकूड सुकून फटी पडतात, त्यामुळे टिनाच्या शेडमध्ये पेटी ठेवायची नाही, घरातल्या थंड खोलीत ठेवायची. खंजिरीचं चामडं पावसाळ्यात सैल पडतं, बैठकीआधी निखाऱ्यावर लांबून शेकायची, हात धरवेल एवढ्याच अंतरावर. उन्हाळ्यात उलटं, फार ताणली तर आतून ओला हात फिरवायचा. पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावलेली कणीक बैठक झाली की लगेच काढून टाका, राहिली तर सुकते आणि मुंग्या येतात. टाळांच्या दोऱ्या वर्षातून एकदा बदला.

हे सगळं मी भाच्याला शिकवलं, तो अकरावीला आहे, त्याच्याकडेच किल्ली असते. मागच्या उन्हाळ्यात माझं मध्येच जाणं झालं नाही तेव्हा त्याचा फोन आला, "आत्या, पेटीतून हवा जाऊन रायली." मी म्हटलं कुठून जाते बघ. तर म्हणाला, "पायलं मी, मांगच्या घडीले कोपऱ्यात चीर पडली, चिकटपट्टी लावून आज भागवलं, तू येशीन तवा चामडं घेऊन येजो, बोटभर लागते."